न विचारलेलं घर

उन्नतीचा प्रबंध झकास चालला होता, आणि हीच तर पंचाईत होती. विषय : सीमा, स्थलांतर आणि वंश. नागपुरात शिकणाऱ्या आफ्रिकी पोरांना भाड्यानं खोली काहून मिळत नाही, हे ती दोन वर्षं दारोदार विचारत फिरत होती. चाळीस घरमालक, चाळीस नकार, सगळे मोबाइलवर रेकॉर्ड केलेले. प्रबंधाला सोनं, पण दावितचं काय? इथियोपियाच्या त्या गुणी पोराला सोमवारच्या आत राहण्याचा पत्ता दाखवायचा होता. नाहीतर व्हिसा अडकला, एमएस्सी बुडाली.

नागपुरातच, बेसा भागात, सुमतीआत्याच्या घराची वरची खोली चार महिन्यांपासून रिकामी होती. पण उन्नती तिकडे फिरकेना. छप्पन साली धम्मदीक्षा घेतलेलं घर आपलं; तिथूनच नकार आला तर तोंड कुठे लपवायचं?

शनिवारी मात्र इलाजच उरला नाही. ती दावितला घेऊन गेली.

आत्यानं त्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं, पाणी दिलं आणि विचारलं, “आडनाव काय गा तुहं?”

उन्नतीला वाटलं, संपलं. ह्याच प्रश्नावर आजोबांना किती दारं बंद झाली होती, आणि आता तोच आत्याच्या तोंडी!

“आडनाव नाही, आत्या,” दावित आपल्या खिचडी मराठीत म्हणाला. “आमच्याकडे कोणाचंच नसते. बापाचं नाव लावते, बस.”

“कोणाचंच नाही? अख्ख्या देशात?”

“बहुतेक कोणाचंच नाही.”

“अगं बाई!” आत्या अशी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. “माह्या बापानं आडनाव सांगितलं का दार बंद! अन् ह्यायनं भानगडच ठेवली नाही! लय हुशार लोक गा तुम्ही. सामान कधी आणून राहिला?”

“आत्या, कॉलनीचे सेक्रेटरी वामनराव काही बोलले तर?” उन्नती म्हणाली.

“त्याले मी पाहून घेतो. रोजचा चहा माह्याच घरी पेते तो.” मग ती उन्नतीकडे वळली. “अन् तू वं? चाळीस घरं पालथी घातली, आत्याचं घर दिसलं नाही तुले? काहून?”

उन्नती हातातल्या मोबाइलशी चाळा करू लागली.

“तुले वाटलं, आत्या नाही म्हणेल.”

“हो,” उन्नती म्हणाली. लाजेनं मेल्यासारखं झालं, तरी आनंदानं हसू आवरेना.

“मंग हे बी लिही तुह्या प्रबंधात. एक्केचाळिसाव्या घराचा नकार तू स्वतःच देऊन ठेवला होता, न विचारता.”