बिनआवाजाची गाडी

लिलाधर गुरुजींनी गाडी घ्यायची ठरवली त्याला दोन वर्षं होत आली होती. गाडी काही आली नव्हती. आली होती ती फक्त वही. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची, पानापानावर मधोमध फूटपट्टीने मारलेली रेघ. डावीकडे फायदे, उजवीकडे तोटे. चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवलेला माणूस. तो निवृत्त झाला तेव्हा ज्योत्सनाला वाटलं होतं, चला, आता घरात जरा शांतता. कसचं काय! शाळेतली सगळी गणितं घरी आली आणि एका गाडीच्या मानगुटीवर बसली.

गाडी तरी साधी असावी? नाही. हायब्रीड. छोटीशीच, पण पेट्रोलवरही चालणारी आणि बॅटरीवरही, आणि ती बॅटरी चालता चालता, ब्रेक दाबता दाबता आपली आपण भरून घेणारी. एवढंसं हे वाक्य ज्योत्सनाने लाखनीत किती जणांना सांगितलं असेल, देवाला ठाऊक. तिचं फॉल-पिकोचं दुकान हायवेला लागून. ब्लाऊज टाकायला आलेली बाई कापड बाजूला ठेवायची आणि आधी गाडीचं विचारायची.

"गुरुजी गाडी घिऊन राहिले म्हनते. करंटवाली?"

"नुसती करंटवाली नाही. पेट्रोल बी आहे, बॅटरी बी आहे."

"मंग रातभर चार्जिंगले लावा लागत असन."

"नाही लावा लागत."

"मंग करंट कुठून येते?"

"गाडीतूनच येते."

"बाप्पा! असं कसं गाडीतूनच?"

यावर ज्योत्सना मशीनचं पायडल असं दाबायची की समोरचीचा आवाजच ऐकू येऊ नये. शेजारचा टायरवाला कैलाश तर रोज नवीन काहीतरी घेऊन यायचा. "वयनी, हायब्रीड म्हणजे धानासारखं. पहिल्या साली भरून देते. दुसऱ्या साली पाहा मंग." तो हसून निघून जायचा, पण त्याच संध्याकाळी गुरुजींच्या वहीत उजवीकडे सुबक अक्षरात लिहिलेलं असायचं: 'दुसऱ्या वर्षी काय?'

डोक्याला ताप नुसता!

आणि हा ताप सहन करायचं कारण होतं आंबागड. किल्ल्याच्या पायथ्याशी, गावाच्या अगदी कडेला तिची आई रेवताबाई एकटी राहायची. शहात्तर वर्षांची. ज्योत्सना एकुलती एक, बाप जाऊन नऊ वर्षं झालेली. दोन वर्षांपूर्वी श्रावणात रेवताबाई बोरिंगवर पाणी भरताना पाय घसरून पडली आणि शेजारची धुरपता येईपर्यंत चिखलात तशीच पडून राहिली. हाड मोडलं नाही, नशीब. पण तेव्हापासून ज्योत्सनाच्या मनाने एकच घेतलं होतं, मायला लाखनीला आणायचं. कायमचं. मागच्या खोलीला रंग दिला. खाट आणली, मच्छरदाणी आणली. मायच्या चार बकऱ्या कोणाला विकायच्या तेही धुरपताशी फोनवर बोलून पक्कं केलं.

रेवताबाईने नाही म्हटलं नाही. ती एवढंच म्हणाली, "यष्टीत मले मळमळते पोरी. दोनदा बदला लागते. जवाईबापूंची गाडी येऊ दे, मंग येईन मी."

झालं! घोडं गाडीपाशी येऊन अडलं ते अडलंच. भाड्याची गाडी करून आणते म्हटलं, तर म्हातारी म्हणे, "जवाईची गाडी येऊन राहिली अन् भाड्याच्या गाडीत बसू? लोक काय म्हनतीन?"

पैसे बाजूला काढून ठेवलेले होते, तो प्रश्नच नव्हता. प्रश्न होता तो गुरुजींच्या स्वभावाचा. हा माणूस शाळेची जुनी फूटपट्टी घेऊन लाखनीतले सगळे स्पीडब्रेकर मोजून आला. भर रस्त्यात उकिडवा बसलेला, मागे ट्रकवाले हॉर्न वाजवताहेत, आणि हा आपला शांतपणे आकडा टिपतोय. का, तर गाडीचं पोट खाली घासेल की काय. एकदा शोरूममध्ये जाऊन डिक्कीत स्वतः बसून पाहिलं. तिथला विक्रेता प्रविण, बिचारा चांगला माणूस, त्याने दोन वर्षांत तीन वेळा गाडी घरी आणून फिरवून दाखवली. तिसऱ्या वेळी त्याने ज्योत्सनाला बाजूला घेऊन विचारलं, "मॅडम, सरांच्या मनात नेमकं काय आहे?"

"मले मालूम असतं तं मी तुले सांगितलं नसतं का, भाऊ?" ज्योत्सना म्हणाली.

मेच्या त्या शनिवारी दुपारी प्रविणचाच फोन आला. कोणीतरी बुकिंग सोडलं होतं, पांढरी गाडी उभी होती. सोमवारपर्यंत हो म्हणा, नाहीतर पुढची गाडी थेट दिवाळीला. म्हणजे आणखी एक पावसाळा माय त्या बोरिंगवर एकटी. ज्योत्सनाने दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि तडक घरी आली.

गुरुजी ओसरीवर चहा पीत बसले होते. वही मांडीवर.

"सोमवारी गाडी आणायची आहे," ती म्हणाली. "पांढरी आहे. आता मले काही ऐकायचं नाही."

गुरुजींनी कप खाली ठेवला. चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तसं हरकत नाही. पण एक मुद्दा राहिला आहे ना."

"कोणता?"

"विचार करून सांगतो."

बस्स. ज्योत्सनाचं डोकंच फिरलं. "अवो, दोन वर्सं झाले! लोकायचे लग्न होऊन पोरं चालायले लागले दोन वर्सात! तुमचा मुद्दा काही सरत नाही. तिकडे माय मरून जाईन एखाद्या दिवशी, तेव्हा लिहा वहीत, फायदा का तोटा ते!"

बोलली आणि तिचं तिलाच कसंतरी झालं. पण माघार घेण्यातली ती नव्हे. तिने पुढे होऊन गुरुजींच्या मांडीवरची वही ओढून घेतली. इतक्या दिवसांत तिने ती कधी नीट वाचलीच नव्हती, नुसतं पाहूनच तिच्या कपाळाची शीर उठायची. आज उभ्या उभ्या वाचायला लागली.

पहिल्याच पानावर डावीकडे पहिलाच फायदा: 'गिअर नाहीत. ज्योत्सनाला शिकायला सोपी.' ती जराशी थबकली. पण राग ताजा होता, तिने पान उलटलं. डावीकडे मायलेज, बॅटरीची आठ वर्षांची हमी, खेड्यात चार्जिंग शोधत फिरायला नको. उजवीकडे लहान डिक्की, सर्व्हिसिंगला भंडाऱ्याला जावं लागेल, कैलाशचं 'दुसऱ्या वर्षी काय'. इथपर्यंत मुद्दे गुरुजींचेच होते. पुढे मात्र काहीतरी वेगळंच सुरू झालं.

'सुरू झालेली कळत नाही. आवाजच नाही. बकऱ्या रस्त्यावरून उठत नाहीत.'

'बैठक खाली. लुगडं नेसून आत शिरताना काष्टा सुटेल.'

'मोहफुलांची दोन पोती मावत नाहीत.'

'रस्त्यात अस्वल आडवं आलं तर काच बंद राहते का, विचारणे.'

ज्योत्सनाने दोनदा वाचलं. मग सावकाश मान वर केली. "तुम्ही लुगडं कधीपासून नेसायले लागले?"

गुरुजी चहाच्या रिकाम्या कपात पाहत राहिले.

"आपल्या घरी बकऱ्या कुठं आहे? लाखनीत अस्वल कुठं आहे? हे कोण सांगून राहिलं तुमाले?"

"ज्योत्सना, ऐक जरा…"

"फोन द्या तुमचा."

दर गुरुवारी संध्याकाळी हा माणूस फोन खिशात घालून पाय मोकळे करायला तळ्याच्या बांधावर जायचा, हे तिला आत्ता आठवलं. तिने फोन घेतला आणि आंबागडचा नंबर लावून स्पीकर सुरू केला. तिकडे दुसऱ्याच घंटीला उचलला गेला.

"हॅलो, जवाईबापू? बरं झालं तुमीच केला," रेवताबाईचा आवाज ओसरीभर घुमला. म्हातारी फोनवर नेहमी शेतात हाक मारल्यासारखी बोलायची. "मले आनखीन एक सुचलं, घ्या लिवून. त्या गाडीले सावली लागन म्हना. उन्हात ब्याटरी फुटते म्हनते. धुरपताचा जवाई सांगत होता."

 गुरुजींनी हाताने खूण केली, बोल म्हणून. ज्योत्सनाने फोन तसाच धरून ठेवला.

"आयकून राहिले ना? ज्योत्सना काय म्हनते? अजून नेतो-नेतोच करते का? जवाईबापू, तुमाले हात जोडते, येवढा एक पावसाडा काढून द्या जी. तिच्याकडं मले दुख नाही होनार, मालूम आहे. पन मी तिथं दिवसभर करू काय? त्या हायवेच्या टरका मोजत बसू? इथं दार उघडलं का बकऱ्या दिसते, मोहाचं झाड दिसते, धुरपता हाक मारते. पडली तं पडली. कुठं ना कुठं पडनच मानूस. तिले मात्र काही सांगू नोका. तिले येत नाही म्हनलं का ते रडते. अन् ते रडली का मी येते म्हनून टाकीन. मले माझं मालूम आहे ना."

 तिकडे एक बकरी ओरडली.

"माय," ज्योत्सना म्हणाली, "मी बोलून राहिली."



"जेवली का?" रेवताबाईने विचारलं.

"कायचं जेवण!" ज्योत्सनाचा आवाज एकदम चढला. "दोन वर्सं तुम्ही दोघं मले येडी बनवून राहिले! मी इथं त्या प्रविणच्या पाया पडून राहिली, कैलाशची बडबड ऐकून राहिली, अन् तू तिकडून अस्वलं सोडून राहिली माझ्या गाडीपुढं! तुले यायचंच नव्हतं तं मले सांगायचं होतं ना. मी काय तुले बांधून आणली असती?"

"हो," रेवताबाई म्हणाली.

एवढंच. ना रागाने, ना रडून. धान झालं का विचारल्यावर झालं म्हणावं, तसं.

ज्योत्सनाने मान फिरवली. दारातून मागची खोली दिसत होती. दोन वर्षं कोणी न झोपलेली खाट, घडीसुद्धा न मोडलेली मच्छरदाणी. मायच्या बकऱ्यांचा भावसुद्धा तिने ठरवून टाकला होता, आणि मायला एका शब्दाने विचारलं नव्हतं. आपण किती प्रेमाने हे सगळं करतोय असं तिला वाटत होतं, आणि तिकडे म्हातारी दर गुरुवारी जीव वाचवायला नवीन नवीन तोटे शोधत होती.

तिने गुरुजींकडे पाहिलं. "तुम्ही तरी सांगायचं होतं मले."

"सांगितलं असतं तं तू त्याच दिवशी आंबागडले गेली असती," गुरुजी म्हणाले. "रडली असती. अन् त्यायले घेऊन आली असती."

खरं होतं ते. त्याचाच तिला सगळ्यात जास्त राग आला.

वही अजून तिच्या हातात होती. तिने ती धाडकन मिटली आणि बाजेवर टाकली. "त्या प्रविणले सांगा, गाडी घेतली म्हणून. सोमवारी येतो म्हणावं."

हे तिकडे ऐकू गेलं. रेवताबाई बोलली तेव्हा तिचा शेतातला आवाज कुठल्या कुठे गेला होता. शाळेच्या पहिल्या दिवशी पोर बोलतं तसा बारीक आवाज.

"मंग… बोचकं बांधून ठेवू का?"

ज्योत्सनाने तोंडावर पदर धरला. दोन वर्षं याच शब्दांसाठी ती जिवाचं रान करत होती. आत्ता नुसतं हो म्हटलं असतं तर सोमवारी संध्याकाळी माय त्या खाटेवर बसलेली असती.

"नोको बांधू," ती म्हणाली.

"मंग गाडी कायले घेतली वो?"

"मी येईन. दर रविवारी. दुकान बंदच राहते."

"तुले आनन कोन? जवाईबापू तं ब्रेकच दाबत राहतीन."

गुरुजी हरकत घ्यायला पुढे सरकले.

"मीच चालवीन," ज्योत्सना म्हणाली. "गिअर नाही तिले. शिकायले सोपी आहे. पण माझं एक ऐका लागन तुले. धुरपताले रोज रात्री तुझ्याकडं झोपायले बोलावजो. अन् पावसाड्यात बोरिंगवर तू जायचं नाही, पानी धुरपताची सून आनून देईन. हे नाही झालं तं मी खरंच बांधून आणीन तुले, सांगून ठेवते."

"बरं," रेवताबाई इतक्या पटकन म्हणाली की ज्योत्सनाला पुन्हा राग आला.

"नुसतं बरं नोको म्हणू!"

"बरं म्हनलं ना माय." तिकडे नाक पुसल्याचा आवाज आला. बकरी पुन्हा ओरडली, आणि रेवताबाईने तिला हाड् म्हटलं. "अन् ज्योत्सना…"

"आता काय?"

"येशील तं हॉर्न वाजवत येजो. बकऱ्या उठत नाही."