कावळ्याच्या पिसांची पेटी

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. पण भजनातली नव्हे. माझं नाव हार्पसिकॉर्ड. दिसते पियानोसारखी, पण माझ्या तारांवर हातोड्या पडत नाहीत. पट्टी दाबली की आतलं पीस तार छेडतं. ते पीस कावळ्याचं.

परदेशातल्या एका सुताराने मला घडवलं. पुढे मी बंगळूरच्या व्हाइटफील्डला एका म्हाताऱ्या मडमेच्या बंगल्यात आले. तिथं येलहंकाची सुखदा शिकायला यायची. मडम वारली तेव्हा मी सुखदाच्या घरी गेले.

सुखदा माझ्यावर तीनशे वर्षांपूर्वीचं युरोपातलं संगीत वाजवायची. चर्चमध्ये, लहान सभागृहांत तिचे कार्यक्रम होत. पिसं झिजली की तिचा नवरा अवधूत झाडांखाली नवी वेचत फिरायचा. शेजारी हसायचे.

एका गणपतीत मराठी मंडळाने तिला पेटी वाजवायला बोलावलं. टेम्पोतून मी उतरले आणि अध्यक्ष गुंडोअण्णा ओरडले, "अय्यो! ही पेटी की शवपेटी? अक्का, निदान आरती तरी वाजवा."

"आरतीला टाळ आहेत की, अण्णा. मी माझंच वाजवणार. स्वल्प गप्प बसा."

ती वाजवत राहिली. शेवटी "आणखी एक" म्हणाले तेही गुंडोअण्णाच.

१९९७ साली सुखदा तापाने गेली. माझं झाकण बंद झालं. तिचा भाऊ उपेंद्र म्हणाला, "दाजी, वाजवणारीच गेली. काढून टाका ही पेटी."

दहाव्याला तळ्याकाठी जे घडलं ते मी नंतर घरात ऐकलं. पिंडाला कावळा शिवेना. गेलेल्याची इच्छा राहिली की असं होतं म्हणतात. उपेंद्रने हात जोडले, "ताई, दाजींचं आम्ही बघू." कावळा फांदीवरच. मग अवधूत पुढे झाला. "तुझी पेटी कुणाला देणार नाही. बंदही ठेवणार नाही. मी वाजवीन."

कावळा शिवला.

घरी आल्यावर उपेंद्र म्हणाला, "पण दाजी, तुम्हाला वाजवता कुठे येतं?"

"कावळ्याला चाललं ना? मग तुझं काय?"

आता अवधूत रोज संध्याकाळी खिडक्या उघडून दोन बोटांनी वाजवतो. चुकतो. "यापेक्षा कावळे बरे," असं कुणी बाहेरून ओरडलं की तीच ओळ पुन्हा वाजवतो, पट्ट्या जोरात दाबून. जोरात दाबल्याने माझा आवाज वाढत नाही. हे त्याला ठाऊक आहे. तरी दाबतो.

मित्रांनो, मला पुसून, झाकून, जपून ठेवू नका. झाकून ठेवायची पेटी वेगळी असते. तिच्यात माणूस निजवतात. मला वाजवा. चुकलात तरी वाजवा.