भिंतीतून उपटलेली वायर

पहिली थोबाडीत बसली तेव्हा फाइल अर्ध्यावर पोचली होती. दुसरीला मी खुर्चीसकट खाली. माझ्या नवऱ्याला आधी मारायची आणि मग विचारायची सवय. केस मुठीत धरून त्याने माझं तोंड स्क्रीनला टेकवलं आणि मग विचारलं, "कोणाला पाठवतेस गं?" समोर वकीलबाईंचा पत्ता दिसत होता. आता काय लपवायचं, कपाळ?

मी घरी बसून लोकांच्या लग्नांचे व्हिडिओ जुळवते. मागच्या आठवड्यात तपासणीसाठी कॅमेरा स्टँडवर चालू ठेवला होता आणि नेमकं तेव्हाच ह्याने मला कपाटावर आपटलं. सगळं चित्रित झालं, माझा दात पडला तोसुद्धा. फोन त्याने त्याच दिवशी फोडला, कॅमेऱ्याकडे मात्र त्याचं लक्ष गेलं नाही. वकीलबाईंनी मेलवर कळवलं होतं, चित्रण हातात आलं की पोलिसांना घेऊन येते आणि तुम्हाला तिथून बाहेर काढते. मला फक्त बाहेर पडायचं होतं.

"पोलिसांत जातेस?" त्याने लाथ घातली. बरगडीत कडकन वाजलं. मग त्याने बाहेरून येणारी इंटरनेटची वायर हिसडा मारून भिंतीतून उपटली. "पाठव आता! बघू कोण येतंय तुझ्या मदतीला."

हे त्याचं नेहमीचंच. राग आला की वायर काढायची, म्हणजे घर मुठीत. वरच्या मजल्यावर दिरांचं बिऱ्हाड. त्यांचंही इंटरनेट आमच्याच वायफायच्या डब्यातून. तेही बंद पडायचं, पण वरून कोणी ब्र काढत नसे. उलट आमच्याकडे आदळआपट सुरू झाली की वरचा टीव्ही मोठा व्हायचा. आजही झाला होता. कधीकधी तर आमच्याकडे सगळं शांत असतानाही तो टीव्ही ओरडायचा. जावेला कमी ऐकू येतं वाटतं, असं मी म्हणायचे आणि मनातून तिचा राग राग करायचे.

मारून हात दुखला म्हणून नवरा बर्फ घ्यायला स्वयंपाकघरात गेला. बिचारा!

टेबल धरून मी उठले. डब्याचे दिवे चालूच होते. ह्या शहाण्याला एवढी वर्षं कळलं नाही की वायर काढली तर बाहेरचं तुटतं, घरातल्या घरात सगळं सुरूच राहतं. जाऊ शिकवण्या घेते. तिच्या प्रश्नपत्रिका ती वरच्या कॉम्प्युटरवरून माझ्याकडे धाडते, मी छापून देते. आज मी तीच वाट उलटी धरली. फाइल तिच्याकडे ढकलली, सोबत एक ओळ आणि पत्ता: 'ताई, तुमच्या फोनच्या नेटवरून वकीलबाईंना पाठवा.' आता तिने वर होकाराचं बटण दाबेपर्यंत काही हलणार नव्हतं.

काहीच हललं नाही. टीव्ही ओरडत राहिला. मी मनातल्या मनात तिच्या पाया पडले, मग तिला शिव्या घातल्या. फ्रीजचं दार आपटलं.

आणि वरचा टीव्ही बंद झाला. स्क्रीनवरची रेघ सरकायला लागली.

नवरा आला, ती रेघ पाहिली आणि बर्फ टाकून त्याने स्टूल उचललं. मी कॉम्प्युटरवर पालथी पडले. स्टूल पाठीत बसलं, मग खांद्यात. मी किंचाळले पण हलले नाही. रेघ भरल्यावरच बाजूला झाले, मग त्याने कॉम्प्युटर खुशाल फरशीवर आपटला. मला हसू आलं, रक्ताच्या गुळणीसकट.

काही वेळाने जाऊ जिना उतरून आली. हातात फोन.

"वहिनी, तुम्ही वर जा. हे आमचं आमचं आहे," नवरा म्हणाला.

"गेलं पाठवून," ती म्हणाली. त्याच्याकडे न बघता माझ्याजवळ बसली आणि बाही वर सारली. कोपरापासून खांद्यापर्यंत हात काळानिळा. "तुझ्या चित्रणाबरोबर ह्या हाताचेही फोटो पाठवले गं."

वरून दिरांचा आवाज आला, "टीव्ही कोणी बंद केला? मोठा ठेवायला सांगितलं होतं ना मी?"