गाठ मारलेली वायर

कुणाची चूक दिसली आणि रावसाहेब गप्प बसले, असं बिबवेवाडीत कुणी पाहिलेलं नव्हतं. लग्नाची पत्रिका हातात पडली की वधूवरांच्या नावांआधी त्यांना छापखान्याच्या चुका दिसत. डोळे दाखवायला गेले, तर डॉक्टरांच्या डोक्यावरच्या पंख्याची वायर उघडी आहे हे त्यांनी आधी सांगितलं आणि मगच खुर्चीत बसले. डॉक्टर हसले. तपासणी झाल्यावर मात्र हसले नाहीत. काचबिंदू फार पुढे गेला होता. जगाच्या वायरी तपासणाऱ्या माणसाने स्वतःच्या डोळ्यांकडे पाहिलंच नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

त्यालाही आता दोन वर्षं झाली होती. रावसाहेबांना उजेड कुठे आणि सावली कुठे एवढं कळे, बाकी सगळं धुक्यात. कारखान्याच्या मेन्टेनन्स खात्यात त्यांची एकतीस वर्षं गेली आणि निवृत्तीनंतर घराच्या गॅलरीत शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या इस्त्र्या, मिक्सर, पंखे दुरुस्त करण्यात दहा. दिवस कसा मावळायचा ते कळायचं नाही. आता सकाळचे अकरा वाजता वाजत नसत.

त्यांच्या पत्र्याच्या पेटीत त्यांचा सगळ्यात लाडका एक टेस्टर होता. उमेदवारीच्या काळात स्वतः केलेला. दोन सेल, टॉर्चचा एक बारका बल्ब आणि दोन लांब वायरी, टोकांना घासून अणकुचीदार केलेले पितळी खिळे. ज्या वस्तूची तपासणी करायची तिचा प्लग काढून ठेवायचा, वायरीच्या एका टोकाला एक खिळा टेकवायचा, दुसऱ्या टोकाला दुसरा. बल्ब लागला तर वायर अखंड, नाही लागला तर आत कुठेतरी तुटलेली. दोन खिळ्यांत थोरला-धाकटाही नव्हता, कुठलाही कुठेही लावा. त्यांचे गुरू अनंतराव यांनी एकच शिस्त लावली होती: "आधी दोन्ही खिळे एकमेकांना टेकव. तुझा टेस्टर जिवंत आहे का बघ, मग दुसऱ्याच्या वायरीवर संशय घे." चाळीस वर्षांत ही शिस्त त्यांनी एकदाही मोडली नव्हती.

पण त्या एवढ्याशा बल्बचा उजेड धुक्यात दिसेना. तरी रावसाहेबांनी नेट लावला. श्रावणात त्यांनी अंदाजाने घरचा मिक्सर जोडला आणि बटण दाबताच घरातली सगळी वीज गेली. कुणाला काही झालं नाही, पण सून दीपमाला हातात पाण्याचं भांडं घेऊन ओल्या फरशीवर उभी होती. ती अमरावतीची. एरवी पुण्यात राहून पुण्यासारखं बोलायची, घाबरली की माहेर तोंडात यायचं. "काहून करता हो बाबा असं?" एवढंच ती म्हणाली आणि पेटी माळ्यावर ठेवून आली.

मुलगा रणजित समजुतीने बोलला. "बाबा, सेफ्टीचा इश्यू आहे. चौकातला राकेश केव्हापासून मागतोय पेटी. त्याच्या दुरुस्तीच्या दुकानात वापरात तरी राहील."

"दे की," रावसाहेब म्हणाले. "खंडेनवमीला एकदा पुजू आन् मग घेऊन जा म्हणावं."

ते इतक्या चटकन हो म्हणाले की रणजितला हायसं वाटलं. दीपमालाला वाटलं नाही. सासरे वाद न घालता हो म्हणाले याचाच तिला धसका बसला.

खंडेनवमीला सकाळी तिने पेटी खाली काढली. पाटावर लाल कापड अंथरून एकेक हत्यार पुसून मांडलं. झेंडूचा वास घरभर पसरला होता. रावसाहेब पाटासमोर बसून चाचपत होते: ही पक्कड, हा पेचकस, ही कातर. संध्याकाळी राकेश येणार होता. हात थोडे रेंगाळत होते, रेंगाळणारच.

तेवढ्यात दारात श्याम आला. सोसायटीच्या फाटकापाशी त्याची इस्त्रीची टपरी. जड इस्त्री पोटाशी धरून तो धापा टाकत होता.

"काका, इस्त्री मेली बघा. उद्याचा दसरा, अर्ध्या सोसायटीचे कपडे माझ्याकडे पडलेत. आज हिची पूजा करायची, तर ही थंडगार. बंद पडलेलं हत्यार कसं पुजू?"

"राकेशकडं जा," रावसाहेब म्हणाले.

"गेलो होतो. तो म्हणतो, दसऱ्यानंतर बघू."

रावसाहेबांनी पाटावरचा टेस्टर उचलून हातात धरला होता. वापरायचा म्हणून नव्हे, हात आपसूक गेला. आणि चाळीस वर्षांची सवय, तीही आपसूक: दोन्ही खिळे एकमेकांना टेकले.

टेस्टर ओरडला.

"टीं" असा खणखणीत आवाज झाला. रावसाहेबांनी खिळे दूर केले. आवाज थांबला. पुन्हा टेकवले, पुन्हा आवाज. बल्बच्या जागी बोट फिरवलं तर तिथे गुळगुळीत, बटणाएवढी एक डबी लागली.

"हे कुणी केलं?" त्यांनी विचारलं.

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला.

"आधी इस्त्री बघा ना काका," श्याम म्हणाला. त्याच्या डोळ्यांपुढे अर्धी सोसायटी उभी होती.

"आण इकडं. प्लग हातात दे."

प्लगच्या दोन पिनांना त्यांनी दोन खिळे टेकवले. गप्प. म्हणजे वाट तुटलेली होती. त्यांनी मागचं झाकण उघडायला सांगितलं, बोटांनी वायरी ओळखल्या आणि एकेक तपासली. पहिली बोलली. दुसरी मुकी. मग खिळे श्यामला धरायला लावून त्यांनी दोरीसारखी जाड वायर प्लगपासून इस्त्रीपर्यंत वीतवीत वाकवत नेली. इस्त्रीच्या मानेपाशी दाबताच टेस्टर तुटक ओरडला, सोडताच गप्प झाला. "हितं तुटलीय," ते म्हणाले. "रोज हितंच वाकते ना!" त्यांनी तेवढा तुकडा कापून टाकला आणि उरलेली वायर सोलून पुन्हा जोडली. हात चुकत नव्हते. पिनांना खिळे लावले. आता टेस्टर बोलला.

"झालं!" श्यामने इस्त्रीला हात घातला.

"थांब की जरा. सुटला लगेच." रावसाहेबांनी भुवया वर केल्या. "मघाशी खिळे टेकवल्यावर आवाज मोठा होता. आता बारीक हाय. कळलं का?"

श्यामला काही फरक कळला नव्हता.

"इस्त्रीतल्या कॉईलमधनं वाट काढत येतोय, म्हणून दमलाय बिचारा. ते बरोबर हाय." आणि रावसाहेबांच्या मनात आलं, बल्ब कधी एवढं सांगत नव्हता. कॉईलमधून जाताना तो पेटतच नसे. चाळीस वर्षं आपण अर्धीच गोष्ट ऐकत होतो.

शेवटची तपासणी राहिली होती. एक खिळा पिनेला, दुसरा इस्त्रीच्या लोखंडी अंगाला. इथे टेस्टर गप्पच राहायला हवा. बोलला तर वीज अंगात उतरते आहे.

टेस्टर बोलला. अगदी बारीक, डास कानापाशी यावा तसा. त्यांनी दुसऱ्या पिनेला खिळा लावला, तर खणखणीत.

रावसाहेबांचा चेहरा उतरला. "श्याम, प्लगची अर्थिंगची जाड पिन कुठाय?"

"मोडून टाकली काका. टपरीतल्या बोर्डाला दोनच भोकं आहेत."

"आन् मुंग्या येतात का हाताला?"

"कधी कधी. प्लग उलटा घातला की येतात. मग सुलटा घालतो. मला वाटलं, दिवसभर उभं राहून येत असतील."

स्वयंपाकघरातून दीपमाला बाहेर येऊन उभी राहिली होती. रावसाहेब सावकाश बोलले. "लाकडी फळीवर, रबरी चपला घालून उभा असतोस म्हणून मुंग्यांवर भागलं. कपड्यांवर पाणी शिंपडतोस. एक दिवस पाय ओला असता आन् प्लग उलटा, तर आज तुझा फोटो पुजायची पाळी आली असती."

त्यांनी इस्त्री पुन्हा उघडली. आतल्या वायरीवरचे चिनी मातीचे मणी फुटून ती पत्र्याला टेकली होती. रावसाहेबांनी मणी बदलून तिला नवी बाही चढवली, नवा तीन पिनांचा प्लग लावला आणि बोर्ड बदलल्याशिवाय इस्त्री लावायची नाही, अशी आईची शपथ घातली. पुन्हा खिळा अंगाला लावला. या पिनेला गप्प. त्या पिनेला गप्प. ती शांतता त्यांनी कान भरून ऐकली. श्यामने वाकून त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं, तेव्हा ते म्हणाले, "पाया पडायचं तर हिच्या पड. ह्या डबीचं काम तिनंच केलंय, दुसरं कोण करणार!"

श्याम गेल्यावर दीपमाला समोर येऊन बसली. हळूहळू सगळं बाहेर आलं. बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून तिने बझर आणला होता. दुकानदाराने विचारलं होतं, मुलांच्या प्रोजेक्टला का? ती म्हणाली होती, नाही, सासऱ्यांना. झाळकाम, म्हणजे सोल्डरिंग, मोबाईलवर बघून शिकली, दोन बोटं भाजून घेतली. मग दुपारी ओढणीने डोळे बांधून घरातल्या वायरी तपासत बसायची, आवाजावर भागतं का ते बघायला.

"आधी सांगायचं न्हाई का?"

"तुम्ही चुका काढल्या असत्या," ती म्हणाली. "आणि एकदा चूक निघाली की तुम्ही हात लावला नसता."

रावसाहेबांनी टेस्टर मांडीवर घेतला. "दीपा," ते म्हणाले, "माझे डोळे गेले तेव्हा मी रडलो न्हाई. हात गेले असं वाटलं तेव्हा एकटाच रडलो. तू माझे हात परत आणलेस. तुझे उपकार कसे फेडू, सांग." असं बोलण्याची सवय नसल्याने ते मध्येच अडखळले, पण बोलले.

दीपमालाने डोळे पुसले. "एक सांगायचं राहिलं. दोन्ही खिळे हाताला सारखेच लागतात ना? तुमची गफलत होऊ नये म्हणून प्लसच्या वायरीला मी गाठ मारली आहे. बघा."

रावसाहेबांचं बोट वायरीवरून फिरलं. खिळ्याच्या वर चार बोटांवर एक घट्ट, नेटकी गाठ होती. दोन खिळ्यांत थोरला-धाकटा नसतो. हे शिकाऊ पोरालाही पहिल्या दिवशी सांगतात. सवयीने त्यांचं तोंड उघडलं.

"लागेल ना उपयोगी?" तिने विचारलं.

"लागेल म्हणजे?" रावसाहेब म्हणाले. "मघाशी गाठ लागली म्हणून तर चुकलो न्हाई."

संध्याकाळी राकेश आला तो आपट्याची पानं आगाऊ देऊन, पेढा खाऊन रिकाम्या हाताने परत गेला. पेटी गॅलरीत आपल्या जागी आली. तेव्हापासून रावसाहेब कामाला बसले की दोन्ही खिळे एकमेकांना टेकवतात, टेस्टर जिवंत आहे हे ऐकतात आणि मग बोटांनी गाठ शोधतात. गाठीचा खिळा ते न चुकता उजव्याच हातात धरतात, आणि दीपमाला आसपास असेल तर जरा तिला दिसेल असा.