प्रबुद्धराव उठले की भाव गायब

तासगावच्या धैर्यशीलदादांच्या बेदाणा पेढीवर नव्याण्णव साली जो संगणक आला, त्याचा पंखा असा सुटायचा की शेडमधले बेदाणे निम्म्या वेळात वाळायचे. पटत नसेल तर राहू द्या.

त्यावर सांगलीच्या प्रबुद्धनं एक प्रोग्राम बसवला होता. पेढीच्या सांगलीच्या ऑफिसातून टेलिफोनच्या तारेवरून बेदाण्याचा भाव विचारला जायचा, इथून उत्तर जायचं. प्रबुद्ध खुर्चीत बसून प्रोग्राम चालवी तेव्हा उत्तर झटक्यात जाई. पण रविवारी त्याचं लग्न होतं. म्हणून समोर कुणी नसतानाही विंडोजनंच तो मागच्या मागं चालू ठेवावा, अशी त्यानं सोय केली. झालं, सांगलीला एकच उत्तर पोचू लागलं: भावाची फाईल सापडत नाही.

“तुमी बसला की बोलतंय, उठला की मुकं,” दादा म्हणाले. “मग उठताय कशाला? खाट टाकतो. नवरीबी हितंच आणू.”

“प्रियंका शेडात लगीन लावायची न्हाई, दादा.”

“का? वास तर चांगला हाय.”

प्रबुद्ध हसला, पण त्यानं घड्याळ बघितलं. शनिवारची दुपार झाली होती, आणि भाव जाईतोवर दादा सोडणार नव्हते.

तेवढ्यात वडूजच्या आप्पासो व्यापाऱ्याचा फोन आला. दादांनी सकाळीच त्यांना नव्या गोदामाचा पत्ता दिला होता: हितंच, पाण्याच्या टाकीमागं.

“आवं, टाकीमागं आलो, तर हितं गोठा हाय. गोठेवाल्याच्या घरनं बोलतोय, म्हैस बघाय लागलीया माझ्याकडं.”

“कुठल्या टाकीमागं?”

“वडूजच्या.”

“आरं गड्या, हितली म्हंजे तासगावची.”

“मी वडूजात हाय. माझं हितं म्हंजे वडूज.”

प्रबुद्धनं कपाळावर हात मारला. त्यानंही प्रोग्रामला एवढंच सांगितलं होतं: भावाची फाईल शेजारीच आहे. तो स्वतः प्रोग्रामच्या फोल्डरातून सुरुवात करी, म्हणून शेजार बरोबर लागे. विंडोज मात्र आपल्या फोल्डरातून निघायचं आणि आपल्याच शेजारी शोधत बसायचं. त्यानं सगळी वाट लिहिली: डी ड्राइव्ह, त्यात बेदाणा फोल्डर, त्यात भाव. मग तो खुर्चीतून उठला आणि थेट अंगणात जाऊन उभा राहिला.

सांगलीहून फोन आला. भाव पोचला होता.

“म्हंजे आता तुमची गरज न्हाई?” दादांचं तोंड उतरलं.

“न्हाई,” म्हणत प्रबुद्ध एसटीकडं पळाला.

गाडी सुटली, तोच दादांनी तिला ट्रॅक्टर आडवा घातला. प्रबुद्धनं डोळे मिटून घेतले. दादांनी खिडकीतून बेदाण्याची पेटी आत सारली. “नवरीला द्या,” म्हणाले.

पेटी सांगलीपर्यंत टिकली नाही. प्रबुद्धच्या बाकाची तिकिटं कंडक्टरनं चारदा तपासली.