पालीच्या विहिरीची ओल

मी एक जुनी विहीर आहे. उत्तनजवळच्या पाली गावात, गोदूबाईंच्या घरामागे असते. त्यांच्या सासऱ्यांनी मला खणलं, तेव्हा कमरेइतक्या खोलीवर वाळू ओली लागली. लोक म्हणाले, झालं, पाणी लागलं! कसलं पाणी? मूठ आवळली तरी थेंब गळेना. मित्रांनो, जमिनीतल्या पाण्याच्या वर एक ओला थर असतो. वातीतून तेल चढतं तसं पाणी वाळूच्या कणांतून वर चढतं आणि तिथेच धरून बसतं. ते विहिरीत उतरत नाही. सासऱ्यांनी आणखी खोल खणलं, तेव्हा कुठे मी भरले.

पुढे सगळी आळी माझं पाणी न्यायची. नव्या सुनेची पहिली कळशी माझ्याच काठावर भरायची. मग घरोघरी नळ आले आणि माझ्याकडे कुणी फिरकेना. वाईट वाटलं, का नाही वाटणार?

नळाचं पाणी पुरेना, तेव्हा गोदूबाईंच्या मुलाने, जयकुमारने, अंगणात सिमेंटच्या रिंगा उतरवून नवी विहीर केली. माझ्यात तो बोटीच्या इंजिनाचं काळं ऑइल ओतू लागला. दर्याला नारळ वाहणारा माणूस तो, दर्यात घाण टाकणं त्याला पाप वाटायचं. मी मात्र त्याच्या लेखी मेलेलीच होते.

ऑइल माझ्या पाण्यावर तरंगलं, मग त्या ओल्या थरात शिरलं आणि वाळूवाळूतून अंगणाकडे सरकत गेलं. वर आम्ही दोघी वेगळ्या, खाली पाणी एकच. एके दुपारी जयकुमारची बायको अंबिका हिने नव्या विहिरीच्या पाण्यात भात शिजवला. भाताला ऑइलचा वास येत होता. लेकीने ताट बाजूला सारलं.

जयकुमार हादरला. पंप लावून त्याने दोन्ही विहिरी उपसल्या. पाणी पुन्हा भरलं, त्यालाही तोच वास. तो परत पंप उचलू लागला, तेव्हा गोदूबाईंनी माझ्या कठड्यावर हात ठेवला.

"पानी उपसशील रं, पन ओल कशी उपसशील?"

त्याने पंप खाली ठेवला.

मित्रांनो, विहीर जुनी झाली म्हणून तिच्यात काही टाकू नका. ती वापरात नसली तरी तिचं पाणी कुणाच्या तरी घरी जातच असतं. आता रोज सकाळी अंबिका कळशी घेऊन माझ्या कठड्याजवळून शेजाऱ्यांकडे पाण्याला जाते. तिला हाक मारावीशी वाटते, पण कोणत्या तोंडाने मारू?