वज्रदलातली सातवी

आमच्या घरातली एक खोली वज्रदलाची आहे. येणारा पाहुणा आधी विचारतो, "लेकरं किती?" मग ती खोली पाहतो आणि पुढे काही विचारत नाही. 'अच्छा, म्हणून!' असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसतं आणि मला त्याच्या हातातला चहाचा कप काढून घ्यावासा वाटतो. मूल झालं नाही म्हणून हा माणूस बाहुले जमवत बसलाय, असं लोकांना वाटतं. अरे बाबांनो, हा माणूस हाफ पँटीत होता तेव्हापासून जमवतोय. तेव्हा त्याला लेकरू होईल की नाही याची चिंता कुणाला नव्हती.

हा माणूस म्हणजे माझा नवरा कुलदीप. राजापेठेत गणिताचे क्लास घेतो. मी शाळेत मराठी शिकवते. कॉलेजात आम्ही एका वर्गात होतो, त्यामुळे मी त्याला अरे-तुरे करते आणि त्याच्या नातेवाइकांना ते अजून खुपतं.

वज्रदल म्हणजे काय, हे आताच्या पोरांना समजावून सांगावं लागतं. आमच्या लहानपणी एका दंतमंजनाच्या कंपनीने रेडिओवर गोष्टींचा कार्यक्रम काढला होता. त्यात सात वीर होते. प्रत्येकाची शक्ती वेगळी. एकेकटे लढले की मार खायचे आणि सातही जमले की जिंकायचे. पुढे त्यांचे वीतभर उंचीचे प्लास्टिकचे बाहुले निघाले. मंजनाचे रिकामे डबे नेऊन दिले की दुकानदार एक बाहुला द्यायचा. कुलदीपने एकदा अख्खं मंजन तुळशीच्या कुंडीत उपडं केलं आणि डबा घेऊन दुकानात पळाला, असं सासूबाई सांगायच्या. तुळस जळाली आणि कुलदीपला चांगला चोप बसला. पण बाहुला मिळाला.

असे त्याने सहा जमवले. सातवी राहिली. तिचं नाव तडिता. दलातली एकटी मुलगी, कपाळावर विजेची सोनेरी रेघ, गाल गोल, शाळेत जाणाऱ्या पोरीचे असतात तसे. ती अमरावतीच्या दुकानांत आलीच नाही. पोट्टे काय पोरीची बाहुली घेतील, असं म्हणून इथल्या एजंटाने ती मागवलीच नव्हती म्हणे. अशा हुशार माणसांची आपल्याकडे कधीच टंचाई नसते.

नंतर वज्रदल पुन्हा पुन्हा येत राहिलं. केबलच्या काळात कार्टून म्हणून आलं, तेव्हा बाहुल्यांचे कोपर-गुडघे वाकायला लागले. मोबाइल आले तेव्हा डोळ्यांत दिवे लागले. आता तर ते पन्नाशीच्या बाप्यांसाठीच निघतं. बंद डब्यात येतं आणि डबा कुणी उघडत नाही, नुसता काचेतून पाहतात. दर खेपेला वज्रबाहूची छाती रुंद होत गेली आणि तडिताची कंबर बारीक. कुलदीपकडे सगळ्या काळातल्या सगळ्या तडिता आहेत. फक्त पहिली, गोल गालांची नाही. कपाटाच्या वरच्या कप्प्यात ते जुने सहा जण उभे आहेत आणि सातव्या जागेवर त्याने कधी दुसरं काही ठेवलं नाही. अकोल्यातली भंगाराची दुकानं झाली, मुंबईच्या हौशी लोकांचे ग्रुप झाले. सेमाडोहला आम्ही वाघ पाहायला गेलो, तर हा तिथल्या किराणा दुकानदाराला मंजनाच्या बाहुल्या विचारत बसला. वाघ मी एकटीने पाहिला.

गेल्या भाद्रपदात महालक्ष्म्या आल्या त्या संध्याकाळी त्याने स्वयंपाकघरात येऊन माझ्या तोंडासमोर मोबाइल धरला.

"रागिणी, हे पाय."

"काय पाऊ? महालक्ष्म्या हायेत."

"मोठ्या बाईच्या मांडीवर पाय ना. लेक."

फोटो अकोटहून आला होता, त्याच्या जयवंता आत्याच्या घरून. आमच्या वऱ्हाडात महालक्ष्म्या एकट्या येत नाहीत, आपली लेकरं घेऊन येतात, एक लेक आणि एक पोरगा. त्यांचीही पूजा होते, त्यांनाही नवे कपडे. आत्याबाईंची सून आरती हिने यंदा देवीच्या लेकीचं जुनं मोठं टोपडं काढून छोटा मुकुट घातला होता आणि कौतुकाने जवळून फोटो टाकला होता. कुलदीपने तो बोटांनी मोठा केला. हळदीने पिवळे झालेले गोल गाल, आणि मुकुटाखाली, कुंकवाच्या शेजारी, सोनेरी विजेची रेघ.

"तडिता हाय वं ते," तो म्हणाला.

मीही ते लेकरू ओळखलं होतं, पण निराळ्या कारणाने. ते माझ्या मांडीवर बसलेलं होतं.

आत्याबाईंच्या घरची एक रीत आहे. तिसऱ्या दिवशी, महालक्ष्म्या हलवायच्या आधी, ज्या बाईला मूल नाही तिला पाटावर बसवतात आणि देवीची लेक तिच्या ओटीत घालतात. वर्षाच्या आत तिची कूस उजवते म्हणे. लग्नानंतरची पहिली पाच वर्षं मी त्या पाटावर बसले. पहिल्या वर्षी लाजत बसले. दुसऱ्या वर्षी खरोखर आशेने बसले, डोळे मिटून, टोपड्याखालच्या तोंडाकडे न बघता. मग नुसतीच बसत गेले. डॉक्टरांनी आम्हा दोघांनाही ठणठणीत ठरवलं होतं, पण पाटावर मीच. पाचव्या वर्षी मागून कुणीतरी म्हणालं, "हिच्या ओटीत बसून बसून देवीची लेक बुढी होईन आता." सगळ्या हसल्या. कुलदीप तेव्हा बाहेर मांडवात बाप्यांच्या पंगतीला कढी वाढत होता.

घरी येऊन मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "मंग नको जाऊ." आणि तोही जायचा थांबला. एवढंच. आमच्यात त्यावर पुन्हा कधी बोलणं झालं नाही. या सगळ्यात आपलंही काही आहे, असं या माणसाला कधी वाटलं का, हे मला आजवर कळलं नव्हतं. माझा राग आत्याबाईंवर कमी आणि त्या कढीच्या बादलीवर जास्त होता.

दुसऱ्या दिवशी तो क्लासला गेला, आला, जेवला. अकोटचं नाव काढलं नाही. मी विचारलं तर म्हणाला, "फोटो तं भेटला. पुरे." आणि हात धुऊन पुन्हा तोच फोटो मोठा करून बघत बसला. चाळीस वर्षं जिला शोधलं ती सापडली होती, आणि मला त्या दारात जावं लागेल म्हणून हा मुकाट्याने बसला होता. मला भरून आलं आणि त्याहून जास्त चीड आली.

"उद्या जाऊ अकोटले," मी म्हटलं.

"तू?"

"मी नाही तं कोण? बायांच्या खोलीत तुले कोण जाऊ देईन?"

देवीला लेकीवाचून ठेवता येणार नाही, हे त्याला सांगावं लागलं नाही. सकाळी मूर्तीवाल्याकडून त्याने मातीची एक गोड पोरगी आणली, गाल नीट पारखून. ती पिशवी त्याने दर्यापूरमार्गे अकोटपर्यंत एसटीत मांडीवरून खाली ठेवली नाही.

आत्याबाई आता ऐंशीच्या पुढच्या. कमरेत वाकल्यात, पण जीभ शाबूत. मला पाहून म्हणाल्या, "आली का वं? मले वाटलं, मी मेल्यावरच येशीन." पाया पडले तर पाठीवरून हात फिरवला आणि तो बराच वेळ काढला नाही. आरतीने पानं वाढली. आंबील, कढी, पुरणपोळी, सोळा भाज्यांची भाजी. कुलदीपचं जेवणात लक्ष नव्हतं.

जेवणं झाल्यावर तो देवीच्या खोलीत येऊन दाराशी उभा राहिला. हळदीकुंकवाला आलेल्या आठ-दहा बाया बसल्या होत्या, त्या सरकल्या. त्याने सरळ विचारलं, "आत्या, देवीची हे लेक कोठून आणली?"

"ते होय?" आत्याबाई हसल्या. "एका साली आवाहनाच्या दिवशी जुनी लेक उंबऱ्यातच फुटली. देवी आली अन् संग लेक नाही, असं चालते का? घरात हे होतं, मंजनावर भेटलेलं. गाल चांगले होते. हळद लावली, झबलं घातलं, बसवलं. देवीनं ठेवून घेतलं." मग म्हणाल्या, "तुयासाठीच होतं ते. एक पोरगी राहिली म्हणून रडत होता ना तू? तुया आतोबानं अकोल्याहून आणलं. देवीची नड निघाली, अन् तुले द्यायचं राहिलं ते राहिलंच."

कुलदीप हसायला लागला. हसता हसता भिंतीला टेकला. मग त्याने पिशवीतली मातीची पोरगी काढून पुढे केली आणि सगळं सांगितलं, सहा जण, रिकामी जागा, भंगाराची दुकानं. बाया तोंडाला पदर लावून ऐकत होत्या. आत्याबाईंनी नवी मूर्ती उलटसुलट करून पाहिली.

"बरी हाय," त्या म्हणाल्या. "घेऊन जाय तुयी. आमाले काय, देवीले लेक पायजे. पण देवीच्या मांडीवरून उठलेली लेक अशी हातात नाही देता येत, बापू. ओटीतच जाते ते." आणि त्यांनी पाट ओढला. "रागिणी, बस."

त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं, हे मला कळत होतं. पण खोली तीच होती आणि पाटही तोच. मी अठ्ठेचाळीस वर्षांची. मागच्या बाजूला कुणीतरी खुसखुसलं. माझे कान तापले. एक क्षण वाटलं, बसावं. मिनिटभराचा प्रश्न आहे, याचं आयुष्यभराचं घोडं गंगेत न्हाईल. मी पदर हातात घेतलासुद्धा. गुडघे मात्र वाकेनात.

कुलदीप माझ्याकडे बघत होता. इतकी वर्षं ही खोली त्याने आतून पाहिलीच नव्हती. पाट, बाया, आणि मध्ये उभी मी, हे तो पहिल्यांदा पाहत होता.

"राहू दे आत्या," तो म्हणाला. "नको मले."

"कावून नको? एवढ्या दुरून आला ना?"

त्याने तडिताकडे पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडे. मग तो पुढे आला, मला हाताने हळूच बाजूला केलं आणि स्वतः पाटावर मांडी घालून बसला. पँटीत खोचलेला शर्ट बाहेर ओढला आणि त्याचा घेर दोन्ही हातांनी पुढे धरला, बोरं वेचणारी पोरं धरतात तसा.

"माया ओटीत टाक."

"पुरुषाची ओटी कोणी भरते काय, येड्या?"

"लेकरू मलेही नाही झालं, आत्या," कुलदीप म्हणाला. "मले कोणी बसवलंच नाही कधी पाटावर."

आत्याबाई एकदा महालक्ष्म्यांकडे आणि एकदा भाच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी त्याच्या कपाळाला कुंकू लावलं. शर्टात तांदूळ घातले, हळकुंड घातलं, सुपारी घातली. मोठीच्या मांडीवरून लेक उचलली, मुकुट सारखा केला आणि त्याच्या ओटीत ठेवली. कुलदीपने मान खाली घातली. तो तिच्या कपाळावरची रेघ बघत नव्हता. त्याचे डोळे गच्च मिटलेले होते आणि खांदे हलत होते. मला इतकी वर्षं वाटत होतं, की पाटावर मी एकटीच बसले होते.

आत्याबाई उठायला लागल्या.

"आत्याबाई, खोबऱ्याची वाटी राहिली," मी म्हटलं. माझा आवाज मलाच मोठा वाटला. "मायी ओटी भरली तवा नाही विसरल्या. याच्याही ओटीत टाका."

आत्याबाईंनी टाकली.